कोळंबी आणि तिचीं नांवें

पदार्थाचें नांव ठाऊक झालें म्हणजे पदार्थच ठाऊक झाला, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असतो. हा समज बहुधा निभावून जातो. पण एखादे वेळीं तो फार महाग पडतो. आमच्या वसतिगृहांत कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली एक गोष्ट सांगून या पाठास आरंभ करितों.

घाटावरील एक मुलगा त्या वर्षीं नव्यानेंच वसतिगृहांत दाखल झाला होता. त्याच्या घरीं मासळी खाण्याचा परिपाठ नव्हता. मुंबईस मामांकडे गेला असतां त्यानें एकदां कोळंबी खाल्ली आणि त्याच्या सर्वांगावर गांधी उठल्या. म्हणून मुलास पोंचवावयास आली तेव्हां त्याच्या आईनें आमच्या हातीं एक चिठी दिली. मुलाला कोळंबी सोसत नाहीं, ती त्यास देऊं नये, असें तींत स्पष्ट लिहिलें होतें. ती चिठी आम्हीं स्वयंपाकघरांत वाचून दाखविली. आमच्या स्वयंपाकीणबाई कोंकणांतल्या. कामांत चोख व मुलांवर माया करणाऱ्या. ज्या दिवशीं कोळंबीचें कालवण असे, त्या दिवशीं या मुलासाठीं त्या आठवणीनें वेगळी भाजी करीत.

पुढें पावसाळा लागला, होड्या किनाऱ्यास ओढल्या गेल्या आणि ताजी मासळी मिळेनाशी झाली. एके दिवशीं ताटांत भाकरीबरोबर तांबूस रंगाची एक चटणी आली. मुलानें विचारिलें, “मावशी, यांत कोळंबी नाहीं ना?” बाई म्हणाल्या, “नाहीं रे बाळा, कोळंबी कुठली? साधा जवळा आहे.” मुलगा निःशंकपणें जेवला. पाव तासाच्या आंत त्याचे ओठ सुजले, आवाज बसला व श्वासास अडथळा होऊं लागला. डॉक्टरांचें घर जवळ होतें म्हणून टोचणी वेळेवर मिळाली आणि मुलगा वांचला.

या प्रकरणांत दोष कोणाचा? आईनें लिहिलें तें खरें होतें. मुलानें विचारावयाचें तें विचारिलें. बाईंनीं दिलेलें उत्तरही त्यांच्या बोलीप्रमाणें खरेंच होतें. जवळ्यास कोंकणांत कोणी कोळंबी म्हणत नाहीं. चूक झाली ती आमची. चिठींतील शब्द आम्हीं मोठ्यानें वाचला, पण त्या शब्दाच्या पोटांत काय काय येतें याचा विचार केला नाहीं. तेव्हांपासून या नांवांचा नीट अभ्यास करावा असें आमच्या मनानें घेतलें. त्या अभ्यासांत जें हातीं आलें तें विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं येथें मांडीत आहों.

नांवें किती प्रकारचीं

बाजारांत व स्वयंपाकघरांत चालणारीं हीं नांवें एका जातीचीं नाहींत. कांहीं नांवें प्रांत सांगतात, कांहीं आकार सांगतात, कांहीं पदार्थाची स्थिति सांगतात, आणि थोडींच काय तीं प्राण्याची खरी जात सांगतात. हीं चारी प्रकारचीं नांवें आपण एकाच टोपलींत टाकतों, म्हणून घोंटाळा होतो.

प्रथम प्रांताचीं नांवें घेऊं. मुंबई, ठाणें व रायगड या बाजूस जिला कोळंबी म्हणतात, तिलाच मालवणाकडे व गोव्यांत सुंगट म्हणतात. हिंदींत व गुजरातींत ती झिंगा होते, बंगालींत चिंगडी, तमिळांत इराल आणि मल्याळमांत चेम्मीन. १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या तकळि शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीमुळें हा शेवटचा शब्द केरळाबाहेरही पुष्कळांच्या कानीं पडला. त्याचा मूळ अर्थ तांबडा मासा असा आहे. वस्तुतः कोळंबी हा मासाच नव्हे. माशाला पाठीचा कणा असतो. कोळंबीस कणा नाहीं, अंगावर कवच आहे आणि चालण्याच्या पायांच्या पांच जोड्या आहेत. प्राणिशास्त्रांत ती दशपाद गणांत मोडते. खेकडा व शेवंड हे तिचे सगेसोयरे. पापलेट, सुरमई हे केवळ शेजारी.

दुसरा प्रकार आकाराच्या नांवांचा. आपल्याकडे मोठी ती कोळंबी, बारीक ती करंदी व अगदींच बारीक तो जवळा, अशी चढती भाजणी लावण्याची रीत आहे. यावरून जवळा वाढला कीं त्याची करंदी होते व करंदी वाढली कीं तिची कोळंबी होते, असें पुष्कळ मुलांस व कित्येक मोठ्यांसही वाटतें. तें खरें नाहीं. जवळा हा स्वतंत्र प्राणी आहे. त्याचें शास्त्रीय नांव असेटिस इंडिकस असें असून तें १८३० सालीं ठेविलें गेलें. एक ते दीड इंच लांबीचा जवळा हा पूर्ण वाढलेला असतो. तो याहून फारसा मोठा व्हावयाचा नाहीं. कोळंबीस चालण्याचे दहा पाय असतात. जवळ्यास त्यांतील मागच्या दोन जोड्या नसतातच. चांगलें भिंग असेल तर हा फरक कोणाही विद्यार्थ्यास पाहतां येईल. आपल्या किनाऱ्यावर भरतीओहोटीच्या प्रवाहांत डोल नांवाचें पिशवीसारखें जाळें बांधून ठेवितात, त्यांत जवळा विपुल सांपडतो.

उलट, खाडींत सांपडणारी बारीक कोळंबी ही पुष्कळदां खरोखरच मोठ्या कोळंबीचें पिलूं असते. समुद्रांत अंडीं फुटल्यावर पिलें खाडीच्या मचूळ पाण्यांत शिरतात, तेथें वाढतात आणि मोठीं होऊन पुन्हां समुद्राकडे वळतात. म्हणजे टोपलींतील दोन बारीक जिनसांपैकीं एक वयांत आलेली असते आणि दुसरी अजून बाल्यांत असते. केवळ आकारावरून नांव देणाऱ्यास हा भेद दिसत नाहीं. खाडींतलें पिलूं उपसून घेतलें तर उद्यांची मोठी कोळंबी कमी होते. म्हणून हा भेद केवळ शब्दांचा नव्हे, कोळ्याच्या पोटाचाही आहे.

तिसरा प्रकार स्थितीचा. ताजी कोळंबी सोलून उन्हांत वाळविली कीं तिचे सोडे होतात. सोडे नांवाचा कोणताही प्राणी समुद्रांत पोहत नाहीं. जवळा वाळविला कीं देशावरच्या बाजारांत तो सुकट या नांवानें विकला जातो. गोव्यांत अशा वाळविलेल्या बारीक सुंगटांस गालमो म्हणतात व त्यांत नारळ घालून किसमूर करितात. सुकट हा शब्द सुकण्याची खूण सांगतो, काय सुकलें तें सांगत नाहीं. ज्याच्या घरीं मासळी शिजत नाहीं अशा मुलानें या शब्दावरून काय ओळखावें? पूर्वेकडील देशांत तर याहून कठीण. तेथें बारीक जवळा मिठांत मुरवून त्याचा लगदा करितात. थायलंडांत त्यास कपि, मलेशियांत बलाचान व इंडोनेशियांत तरासि म्हणतात. भाजींत तो चिमूटभर पडला तर दिसतही नाहीं. फक्त चवीवरून कळतो.

इंग्रजी नांवांचा गुंता

आपलीच बोली गोंधळाची आणि विलायती नांवें तेवढीं नेमकीं, असें कोणी समजूं नये. इंग्रजींत श्रिंप व प्रॉन असे दोन शब्द आहेत. इंग्लंडांत साधारणपणें लहान ती श्रिंप व मोठी ती प्रॉन. तेथील मोरकाम उपसागरांतील तपकिरी रंगाची बारीक श्रिंप लोण्यांत घालून ठेवितात, तो पदार्थ प्रसिद्ध आहे. अमेरिकेंत मात्र लहानमोठ्या सगळ्यांस श्रिंपच म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियांत बहुधा सगळ्यांस प्रॉन. तेव्हां परदेशी पाकपुस्तकांत एक पौंड श्रिंप घ्यावी असें आढळलें, तर पुस्तक कोणत्या देशांत छापलें तें आधीं पाहिलें पाहिजे.

याहून मौजेचें उदाहरण स्कॅंपीचें आहे. हा मूळ इटालियन शब्द. युरोपाच्या समुद्रांतील शेवंडीसारख्या एका सडपातळ प्राण्याचें तें नांव. त्याच प्राण्यास नॉर्वे लॉब्स्टर, डब्लिन बे प्रॉन व फ्रेंचांत लांगुस्तीन अशीं आणखी नांवें आहेत. अमेरिकेंत गेल्यावर हा शब्द प्राण्याचा राहिला नाहीं, पदार्थाचा झाला. तेथें लसूण व लोणी घालून परतलेल्या साध्या कोळंबीस श्रिंप स्कॅंपी म्हणतात. एका ठिकाणीं एका प्राण्यास चार नांवें, तर दुसऱ्या ठिकाणीं नांव उरलें आणि प्राणी बदलला!

अमेरिकेच्या बाजारांत जंबो, कलॉसल अशीं भव्य विशेषणेंही चालतात. एका दुकानांतील जंबो दुसऱ्या दुकानांत मध्यम ठरते. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशी तऱ्हा. म्हणून तेथील जाणते लोक विशेषण न पाहतां आंकडा पाहतात. वेष्टनावर १६/२० असें छापलेलें असतें, त्याचा अर्थ एका पौंडांत १६ ते २० नग बसतात. म्हणजे किलोमागें सुमारें ३५ ते ४४. आंकडा जसजसा लहान, तसतशी कोळंबी मोठी. ही रीत आपणही घेण्यासारखी आहे.

प्राणी ओळखण्याची रीत

शास्त्रज्ञांनीं मात्र आकार, प्रांत व स्थिति बाजूस ठेवून प्राण्याच्या अंगाकडेच पाहिलें आणि दोन मोठे समूह पाडिले. हा भेद घरच्या परातींतही तपासतां येतो.

पहिल्या समूहांत आपली समुद्रांतील नेहमींची कोळंबी येते. तिच्या पोटावरील कवचाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. प्रत्येक पुढचा पट्टा मागच्यावर येतो. पुढील तीन जोड्या पायांच्या टोकांस बारीक चिमटे असतात. मादी अंडीं पाण्यांत सोडून देते. दुसऱ्या समूहांत पोटावरील दुसरा पट्टा रुंद असून तो पहिल्यावरही चढतो व तिसऱ्यावरही. चिमटे फार तर दोन जोड्यांस असतात. मादी अंडीं पोटाखालच्या पायांस चिकटवून, तीं फुटेपर्यंत संभाळते. कोळंबी साफ करितांना पोटाखालीं अंड्यांचा घोंस दिसला तर ती या दुसऱ्या समूहांतली असें खुशाल समजावें.

बंगालचा बाजार यास उत्तम दाखला आहे. तेथें बागदा चिंगडी व गलदा चिंगडी अशा दोन मोठ्या चिंगड्या मिळतात. इंग्रजींत दोघींसही प्रॉनच म्हणतात. परंतु बागदा ही पट्टेदार समुद्रकोळंबी, पहिल्या समूहांतली. आपल्या बाजारांत तिला टायगर म्हणतात. गलदा ही गोड्या पाण्यांतली, लांब निळसर नांग्यांची, दुसऱ्या समूहांतली. बागदा अंडीं घालण्यास समुद्रांत जाते. गलदा नदींत राहते व अंडीं घेऊन मचूळ पाण्याकडे उतरते. एकच आडनांव असलेल्या या दोघी प्रत्यक्षांत दूरच्या नात्यांतल्या आहेत.

शास्त्रीय नांव सर्व देशांत एक असावें, ही सोय लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्राणिशास्त्रांत रूढ झाली. बागदेस १७९८ सालीं फाब्रिसियसनें मोनोडॉन हें नांव दिलें, तें आजही चालतें. पण तेथेंही सारेंच स्थिर आहे असें नाहीं. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हेनामी नांवाची कोळंबी २००९ पासून भारतांत तळ्यांत वाढविण्यास परवानगी मिळाली, आणि आज आपल्या देशांतून परदेशीं जाणाऱ्या कोळंबींत तिचाच भरणा मोठा आहे. तिचें कुलनाम पीनियस असें होतें; १९९७ सालीं तें लिटोपीनियस करण्यांत आलें, आणि पुढें कित्येक शास्त्रज्ञांनीं पुन्हां पीनियस हेंच धरिलें. शास्त्राचें नांवही बदलतें; मात्र तें बदलण्याचें कारण लिहून ठेवावें लागतें, एवढा त्यांत व बाजारांत फरक.

स्वयंपाकघरांत

आतां पाकक्रियेकडे वळूं. बाजारांत नांवापेक्षां तीन गोष्टी विचाराव्या: किलोस नग किती, ताजी कीं वाळलेली, आणि सालासकट कीं सोललेली. डोकें व साल काढल्यावर वजन जवळजवळ निम्म्यावर येतें, हें हिशेबांत धरावें. ताज्या कोळंबीचें डोकें धडास घट्ट असतें, अंग चकचकीत असतें व वास समुद्राचा येतो. डोकें लोंबूं लागलें व उग्र दर्प आला तर ती घेऊं नये. पाठींत जो काळा दोरा असतो त्यास इंग्रजींत शीर म्हणण्याचा प्रघात आहे. ती शीर नव्हे, आंतडें होय. तें काढून टाकावें.

ताज्या कोळंबीचें मांस कोंवळें असतें, तें फार शिजवावें लागत नाहीं. कालवण करावयाचें असेल तर कोळंबीस हळद, मीठ लावून ठेवावें. कांदा व लसूण परतून त्यांत नारळ, मिरची व धने यांचें वाटण घालावें. पाणी व आमसुलें घालून रस्सा चांगला उकळूं द्यावा. आणि कोळंबी सर्वांच्या शेवटीं टाकून चारपांच मिनिटांत भांडें उतरावें. कच्ची कोळंबी करड्या रंगाची दिसते व शिजतांच तांबडी होते, याचें कारण तांबडें द्रव्य तिच्या अंगांत आधींच असतें. तें प्रोटीनशीं जखडलेलें असतें व उष्णतेनें मोकळें होतें. रंग आला, अंग वळलें, कीं काम झालें. त्यापुढें शिजविली तर ती रबरासारखी चिवट होते.

सोड्यांची रीत उलट. ते अर्धा तास कोमट पाण्यांत भिजवावे लागतात व खिचडींत तांदळाबरोबर आरंभींच घालावे लागतात. जवळा प्रथम कोरडाच तव्यावर भाजावा, मग पाण्यांत घोळून तळाशीं बसलेली वाळू टाकून द्यावी, आणि नंतर कांदा, मिरची व आमसूल यांशीं परतावा. तेव्हां कोळंबी शेवटीं, सोडे आरंभीं व जवळा भाजून, एवढें मुलींनीं व मुलांनींही लक्षांत ठेविलें तर पाककृतींत घोंटाळा होणार नाहीं.

ज्यांस सोसत नाहीं त्यांच्यासाठीं

राहिली ती मुख्य गोष्ट. कोळंबीनें ज्यास त्रास होतो, त्याच्या त्रासाचें मूळ बहुधा तिच्या मांसांतील ट्रोपोमायोसिन नांवाच्या प्रोटीनांत असतें. यासच हल्लीं ॲलर्जी म्हणतात. हें प्रोटीन शिजविल्यानें नाहींसें होत नाहीं व वाळविल्यानेंही नाहीं. तें जवळ्यांत आहे, सोड्यांत आहे, आणि खेकडा व शेवंड यांच्यांतही त्याच्याशीं मिळतें प्रोटीन आहे. जवळा व कोळंबी हे निराळे प्राणी आहेत, हें आम्हीं वर सांगितलें. परंतु त्या मुलाच्या शरीरानें तो निराळेपणा मानला नाहीं. पापलेटासारख्या खऱ्या माशांची गोष्ट वेगळी आहे. तरी काय चालेल व काय चालणार नाहीं, हें डॉक्टरांनींच ठरवावें.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलास एखादा पदार्थ सोसत नसेल तर चिठींत एकच नांव लिहून थांबूं नये. त्या पदार्थाचीं ठाऊक असतील तीं सर्व नांवें लिहावीं, तो वाळवून किंवा वाटून कशाकशांत घालतात तें लिहावें, आणि मागें काय त्रास झाला होता तेंही लिहावें. वाढणाऱ्यानें वेगळी पळी व वेगळें भांडें वापरावें. ओठ सुजले किंवा श्वास अडला तर घरगुती उपायांत वेळ न घालवितां तत्काळ डॉक्टर गांठावा.

विद्यार्थ्यांसाठीं तीन कामें सुचवितों. एक, घरीं कोळंबी येईल तेव्हां पोटावरचे पट्टे पाहून ती कोणत्या समूहांतली तें ठरवावें. दोन, पाव किलोंत किती नग आले तें मोजून किलोचा हिशेब करावा. तीन, आजीस, शेजाऱ्यास व मासळीवालीस विचारून या प्राण्याचीं आपल्या गांवांतील नांवें जमवावीं आणि प्रत्येक नांव प्रांताचें, आकाराचें, स्थितीचें कीं जातीचें, हें त्यापुढें लिहावें.

आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत आतां भिंतीवर एक तक्ता लाविला आहे. त्यावर कोळंबी, सुंगट, झिंगा, करंदी, जवळा, सोडे, सुकट, गालमो, खेकडा व शेवंड अशीं नांवें ओळीनें लिहिलीं आहेत. स्वयंपाकीणबाई चटणी वाटण्यापूर्वीं एकदां त्याकडे पाहतात. तो तक्ता त्याच मुलानें आपल्या वळणदार अक्षरांत लिहून दिला. खालीं त्यानें बरीच जागा मोकळी सोडली आहे; कारण दर वर्षीं जूनमध्यें नवीं मुलें नव्या गांवांहून येतात आणि एखादें नवें नांव बरोबर घेऊन येतात.